पिंजऱ्यातला नर आणि नालासोपाऱ्याचे पिंप

डासांच्या समागमाचा आणि समाजवादी चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न पक्षाच्या कार्यकर्त्याला पडला तर तो वावगा नाही. पाणी, घर, रेशन आणि रोजगार हे प्रश्न ऐरणीवर असताना कीटकांच्या संसारात डोकावण्याइतकी फुरसत कोणाला आहे? तथापि वसई-विरार पट्ट्यात ज्याने एक पावसाळा काढला आहे त्याला ठाऊक असते की डास हा पाणी, घर आणि रोजगार या तिन्ही प्रश्नांच्या मधोमध ठाण मांडून बसलेला असतो. नालासोपाऱ्याच्या चाळीत घरचा कमावता माणूस डेंग्यूने पडला की आठवडा-दोन आठवड्यांची मजुरी बुडते, रक्ताच्या तपासण्यांसाठी उसनवारी होते, आणि शेजारपाजारचे चारजण पडल्यावर केव्हातरी धूर सोडणारे यंत्र गल्लीतून फिरून जाते. धुराने त्या घटकेला उडणारे काही डास मरतात. पाण्यातल्या अळ्या आणि कोष मरत नाहीत. दोन दिवसांत नवी फौज बाहेर पडते. पण धूर दिसतो, त्याचा आवाज होतो, आणि काहीतरी होत असल्याचे समाधान मिळते. नगरकारभारात या समाधानाला फार किंमत आहे.

या धुराला पर्याय म्हणून एक जुनीच कल्पना नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा पुढे येते. प्रयोगशाळेत नर डास वाढवायचे, त्यांच्यात असा काही दोष पेरायचा की त्यांच्याशी संग करणाऱ्या मादीची संतती जगू नये, आणि ते लाखोंनी गावात सोडायचे. डासांकरवी डासांचा निर्वंश. ही कल्पना १९७०च्या सुमारास दिल्लीत आली, २०१७ मध्ये जालना जिल्ह्यात आली, आणि २०२२ मध्ये थोड्या निराळ्या रूपाने पुदुच्चेरीत आली. उद्या ती एखाद्या निविदेच्या रूपाने वसई-विरार महापालिकेच्या दारात उभी राहिली तर नवल नाही. तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी किंवा 'जनुकबदल' हा शब्द ऐकताच निषेधाचा फलक रंगवण्यापूर्वी, या कल्पनेचा सारा डोलारा ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती नीट समजून घेतली पाहिजे. ती गोष्ट म्हणजे पिंजऱ्यात वाढलेल्या नराचे वर्तन.

रक्त पिते ती डासाची मादी. नर फुलांतील व झाडांतील रसावर जगतो. नराच्या डोक्यावर पिसाऱ्यासारख्या दोन मिशा असतात आणि त्यांच्या मुळाशी त्याचा कान असतो. क्रिस्टोफर जॉन्स्टन याने १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. या कानाने नर मादीच्या पंखांचा गुणगुणाट ओळखतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती जातीच्या मादीचे पंख सेकंदाला सुमारे ४०० वेळा हलतात, नराचे सुमारे ६०० वेळा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की ही दोघे जवळ आली की आपापल्या पंखांची गती किंचित बदलून घेतात, आणि मादीच्या स्वराचा तिसरा व नराच्या स्वराचा दुसरा पडसाद १२०० या एकाच आकड्यावर जुळवतात. तंबोरा लावणाऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. क्युलेक्स आणि अॅनॉफेलीस जातींची तऱ्हा निराळी. त्यांचे नर सांजवेळी एखाद्या झुडपावर, कठड्यावर किंवा चालत्या माणसाच्या डोक्यावर थवा करून घिरट्या घालतात. मादी त्या थव्यात शिरते आणि जोडी खाली उतरते.

आता हा सारा व्यवहार हातभर लांबीच्या जाळीच्या पिंजऱ्यात कसा व्हावा? तिथे आकाश नाही, क्षितिज नाही, ओसरता संधिप्रकाश नाही. कित्येक जातींचे नर अशा पिंजऱ्यात मादीकडे ढुंकूनही पाहात नाहीत. मुंबईच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढणारा, शहरी मलेरिया पसरविणारा अॅनॉफेलीस स्टिफेन्सी हा मात्र अरुंद जागेतही संसार थाटतो. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्याने भरलेल्या आहेत. शहरात राहून दाटीची सवय झालेली असावी, असा विनोद वसईहून दादरला लोकलने जाणारा माणूस करू शकेल. याउलट भारताच्या खेड्यांतील मलेरियाचा मुख्य वाहक अॅनॉफेलीस क्युलिसिफेसीज पिंजऱ्यात सहजी वंश वाढवत नाही. अशा हट्टी जातींसाठी संशोधकांनी १९५०च्या दशकात एक युक्ती काढली. मादीला बेशुद्ध करायचे, नराचे डोके कापून टाकायचे आणि दोघांना टाचणीच्या टोकावर एकमेकांजवळ आणायचे. डोके नसलेला नर आपले कार्य पार पाडतो. काही राजकीय पक्षांच्या शाखाही याच तत्त्वावर चालतात, पण तो विषय वेगळा.

महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. पिंजऱ्यात जे थोडे नर-मादी जुळतात त्यांचीच संतती पुढे वाढते. दहा, वीस, पन्नास पिढ्यांनंतर जो वंश तयार होतो तो पिंजऱ्याच्या जीवनाला सरावलेला असतो. त्याला थव्याची गरज उरत नाही, पल्ला मारून मादी शोधावी लागत नाही, अन्न हाताशी असते, शत्रू नसतो. असा नर पिंजऱ्यात कर्तबगार ठरतो. रानात तो तसाच ठरेल याची हमी कोणी द्यावी?

निर्वंशाच्या सगळ्या योजना या हमीवर उभ्या आहेत. एडिसची मादी आयुष्यात बहुधा एकदाच नराला स्वीकारते. त्या एका भेटीत मिळालेले बीज ती पोटातील तीन सूक्ष्म कुप्यांत साठवते आणि जन्मभर पुरवते. नराच्या स्रावातील द्रव्यामुळे ती पुढच्या नरांना नाकारते, हे जॉर्ज क्रेग यांनी १९६७ मध्ये दाखविले. म्हणजे दोषी नराने पहिली भेट साधली की त्या मादीचा वंश संपला. अमेरिकेतील एडवर्ड निपलिंग यांच्या याच हिशेबाने १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर गुरांच्या जखमांत अळ्या घालणाऱ्या माशीचा वंध्य नर सोडून नायनाट केला गेला. बेट समुद्राने वेढलेले होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

भारतात हा हिशेब प्रथम दिल्लीजवळ मांडला गेला. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून डासांच्या जनुकीय नियंत्रणासाठी एक संशोधन केंद्र काढले. पैसा अमेरिकेचा, आणि तोही पीएल-४८० खाली दिलेल्या गव्हाच्या किमतीपोटी भारतात साठलेल्या रुपयांतला. क्युलेक्सचे कोष थायोटेपा या रसायनात बुडवून वंध्य नर तयार करण्यात आले आणि ते दिल्लीभोवतालच्या खेड्यांत सोडण्यात आले. नरांनी काम केले, पण शेजारच्या भागांतून आधीच समागम झालेल्या माद्या उडत आल्या आणि त्यांनी केलेला हिशेब पुसून टाकला. खेड्याला क्युरासाओसारखा समुद्र नव्हता.

तोवर दुसरेच वादळ उठले. पीतज्वर भारतात नसताना पीतज्वराचा वाहक असलेल्या एडिस इजिप्तीचा एवढा बारीक अभ्यास अमेरिकेच्या पैशाने कशासाठी, असा प्रश्न १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून व संसदेतून विचारला गेला. त्याच सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेल्या स्थलांतरी पक्ष्यांच्या अभ्यासामागे अमेरिकी लष्कराचा पैसा असल्याचेही चर्चेत होते. लोकलेखा समितीने एप्रिल १९७५च्या आपल्या १६७व्या अहवालात या सर्व परकीय सहभागाच्या प्रकल्पांवर कडक ताशेरे ओढले. सोनिपत शहरात वंध्य एडिस सोडण्याची सिद्धता झाली होती, ती ऐन वेळी थांबविण्यात आली आणि केंद्राचा गाशा गुंडाळला गेला.

डाव्या व समाजवादी वर्तुळांत या घटनेची आठवण विजय म्हणून काढली जाते. ती अर्धीच खरी आहे. पैसा कोणाचा, माहितीवर मालकी कोणाची, ज्या वस्तीत डास सोडायचे तिला कोणी विचारले, हे प्रश्न विचारणे हे संसदेचे कर्तव्यच होते. एरवी गुपचूप संमत्या देणाऱ्या नोकरशाहीला ते प्रथमच झोंबले. परंतु जैविक युद्धाचा आरोप कधी सिद्ध झाला नाही, आणि प्रश्नांची उत्तरे घेऊन संशोधन जनतेच्या ताब्यात घेण्याऐवजी ते मोडून टाकण्यात आले. दोन महिन्यांच्या आत आणीबाणी आली आणि प्रश्न विचारण्याचीच सोय उरली नाही. एडिसचा अभ्यास कशाला, या प्रश्नाला उत्तर १९९६ मध्ये मिळाले. त्या वर्षी दिल्लीत डेंग्यूने दहा हजारांवर माणसे आजारी पडली आणि चारशेहून अधिक दगावली. साम्राज्यवादाचा संशय रास्त असू शकतो. डासाला मात्र त्याचे सोयरसुतक नसते.

सरकारी केंद्राने सोडलेली जागा रिकामी राहात नाही, ती भांडवल भरून काढते. चार दशकांनी हीच कल्पना महाराष्ट्रात आली ती बियाण्यांच्या व्यापाऱ्याच्या हाताला धरून. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीची भगिनी संस्था असलेल्या जीबीआयटी या कंपनीने ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीशी करार केला. ऑक्सिटेकच्या नरात असे जनुक घातलेले आहे की त्याची संतती टेट्रासायक्लिन मिळाल्याखेरीज प्रौढ होण्याआधीच मरते. प्रयोगशाळेत हे औषध देऊन पैदास करायची आणि बाहेर जिथे ते नाही तिथे सोडायचे. बदनापूर तालुक्यातील दावलवाडी येथे जानेवारी २०१७ मध्ये उघड्या हवेतील, पण जाळीबंद पिंजऱ्यांतील चाचण्यांना प्रारंभ झाला. त्याआधी प्रयोगशाळेतील समागमाच्या स्पर्धेचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते: कंपनीचे नर भारतीय जंगली नरांपेक्षा कमी पडत नाहीत.

हा निष्कर्ष खोटा आहे असे मानण्याचे कारण नाही. तो पिंजऱ्यातला आहे, एवढेच. याच वंशाच्या नरांची ब्राझीलच्या बाहिया राज्यातील झुआझेरू शहराच्या एका उपनगरात मोकळ्या हवेत परीक्षा झाली, तेव्हा जंगली नराची कुवत १ धरली तर कंपनीच्या नराची ०.०३१ भरली, म्हणजे शंभरात तीन. केमन बेटांवरील एका चाचणीत ती ०.०५९ होती. पिंजऱ्यातला बरोबरीचा वीर मोकळ्या आभाळाखाली तीन-सहा टक्क्यांचा उरला. आणि तरीही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, झुआझेरूच्या त्या वस्तीत डासांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. कशी? नर अफाट संख्येने सोडले म्हणून. त्याच राज्यातील जाकोबिना या छोट्या शहरात दर आठवड्याला सुमारे साडेचार लाख नर सत्तावीस महिने सोडण्यात आले. नराची कुवत जितकी कमी, तितके नर अधिक लागतात. नर जितके अधिक, तितका माल अधिक खपतो. जगात अन्य कोणत्या धंद्यात मालाचा दोष विक्री वाढवतो, हे शोधण्यासारखे आहे.

जाकोबिनाच्या डासांत पुढे कंपनीच्या वंशाची काही जनुके आढळल्याचे २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. त्यावरून मोठा गदारोळ झाला. कंपनीने निष्कर्ष अमान्य केले, आणि नियतकालिकानेही पुढे त्या निबंधाविषयी साशंकता नोंदविली. विरोधकांनी त्या निबंधाचा राक्षस केला आणि समर्थकांनी बागुलबुवा. त्या वादात पडण्याचे येथे कारण नाही, कारण खरा प्रश्न राक्षसी डासाचा नाहीच. तो गिऱ्हाइकाचा आहे. ज्या उपायाची संतती मरते, तो उपाय दर हंगामाला पुन्हा विकत घ्यावा लागतो. सोडणे थांबले की भोवतालचे डास परत येतात. कापसाच्या बोंडअळीचा उपाय म्हणून मार्च २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने दरवर्षी नवे पाकीट घेण्याचा धडा गिरवला. अळी पुढे सरावली, पाकीट मात्र सुटले नाही. त्याच घराण्यातून आलेला डासही महापालिकेला वार्षिक गिऱ्हाईक बनविणार, यात विशेष नवल नाही. ऑक्सिटेक स्वतः २०१५ मध्ये सोळा कोटी डॉलरना एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली. पुढे तिने हा वंश बाजूला ठेवून दुसरा पुढे आणला, आणि दावलवाडीचा प्रयोग मोकळ्या हवेपर्यंत पोहोचला नाही. कंपनीच्या हिशेबवहीतील एक पान उलटले; जालन्याच्या जनतेला ते ना उघडताना विचारले गेले ना मिटताना.

एक गोष्ट मात्र सार्वजनिक प्रयोगशाळेनेच सांगितली, ती विसरता कामा नये. नर चावत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असा या योजनांचा प्रचार असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले की चिकनगुनियाच्या विषाणूने बाधित केलेला नर समागमातून तो विषाणू मादीला देऊ शकतो. याचा अर्थ सोडलेला प्रत्येक नर धोकादायक असतो असा नव्हे; निरोगी वसाहतीतला नर विषाणू आणणार कोठून? पण वसाहत निरोगी आहे हे कोणी तपासायचे, विकणाऱ्याने की सरकारी संस्थेने, हा प्रश्न या शोधाने उभा केला. विकणाऱ्याला असे प्रश्न सहसा सुचत नाहीत.

दुसरी वाट पुदुच्चेरीची. दिल्लीचे केंद्र मोडले त्याच १९७५ साली वैद्यक संशोधन परिषदेने तेथे वाहक कीटकांच्या नियंत्रणाचे केंद्र उभारले. या केंद्राने १९८१ ते १९८५ या काळात हत्तीरोगाच्या डासांविरुद्ध गटारे वाहती करणे, डबकी बुजवणे, मासे सोडणे आणि लोकांना कामात घेणे यांवर भर देणारी मोहीम चालवून दाखविली. त्याच केंद्राने जुलै २०२२ मध्ये एडिस इजिप्तीच्या दोन वसाहती सिद्ध केल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातून आलेल्या वंशाचा स्थानिक डासांशी संकर करून त्या तयार झाल्या. त्यांच्या पेशींत वोल्बाकिया हा जिवाणू असतो. हा जिवाणू क्युलेक्स डासात १९२४ मध्येच दिसला होता, आणि एडिस इजिप्तीत तो निसर्गतः नसतो. ज्या एडिसमध्ये तो आहे, त्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही.

येथेही सारे समागमावरच आहे, पण गणित उलटे. जिवाणू असलेला नर आणि नसलेली मादी जुळली तर अंडी फुटत नाहीत. जिवाणू असलेली मादी कोणत्याही नराशी जुळली तरी तिची सगळी पिले जिवाणू घेऊन जन्मतात. म्हणजे काही महिने नर आणि मादी दोन्ही सोडले की जिवाणूवाला वंश आपोआप स्थानिक वंशाची जागा घेतो. पुन्हा पुन्हा पेट्या मागवाव्या लागत नाहीत. हान्स लावेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये रंगूनजवळच्या ओकपो गावातून क्युलेक्स हटविला तो याच विसंगतीच्या बळावर, फक्त तेव्हा तिचे कारण जिवाणू आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात वोल्बाकियाचे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. ते निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

यात काही अडचणी नाहीत असे नाही. वोल्बाकियाचा एक प्रकार कडक उन्हात पाण्यातल्या अळीतून कमी होतो. म्हणूनच पुदुच्चेरीने उष्णता अधिक सोसणारा दुसराही प्रकार जोपासला. प्रयोगशाळेची सवय जडलेल्या नराचा दोष येथेही आहे आणि म्हणूनच स्थानिक डासाशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करावा लागतो. हे काम शेअर बाजाराच्या तिमाहीत बसत नाही. ते पगारी सरकारी सेवकांचे, रोज पिंजरे धुणाऱ्या आणि अळ्यांना खाऊ घालणाऱ्या मदतनिसांचे काम आहे. आणि या मदतनिसांना कंत्राटावर ठेवणारे सरकार दीर्घ मुदतीच्या विज्ञानाची भाषा बोलते, तेव्हा ती ऐकून घेण्यापलीकडे तिचा उपयोग नसतो.

आता हे सारे वसई-विरारच्या जमिनीवर आणून पाहावे. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे एकत्र करून २००९ मध्ये महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती आणि त्यानंतर ती किती फुगली ते कोणीही सायंकाळी विरार लोकलमधून उतरून पाहावे. येथे दिल्लीच्या खेड्यासारखी शेजारची माद्या येण्याची वाट पश्चिम रेल्वेने आणि महामार्गाने रुंद केलेली आहे. एडिस स्वतः फार लांब उडत नाही, पण तिची अंडी पिंपाच्या, टायरच्या आणि कुंडीच्या कडेला चिकटून कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि टेम्पोतून गावोगाव हिंडतात. जाकोबिनासारख्या छोट्या शहराला आठवड्याला साडेचार लाख नर लागले. नायगावपासून विरारपर्यंत किती लागतील याचा अंदाज कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीला आनंद देईल.

आणि हे नर कोणाशी झुंजणार? पिंपाशी. नालासोपाऱ्याच्या पूर्वेच्या चाळींत, अधिकृत नळजोडणी नाकारलेल्या इमारतींत, जिथे पाणी एक दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ येते आणि केव्हा येईल याची खात्री नसते, तिथे प्रत्येक दारात दोन-दोन, तीन-तीन निळी पिंपे उभी असतात. आरोग्यखाते सांगते, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा. पिंप रिकामे करा, घासा, वाळवा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यातून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी कडेला चिकटलेली असल्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावेच लागते. पण उद्या पाणी येईल याचा भरवसा नसलेली बाई तळाचे दोन हंडे फेकून कशी देईल? ती त्यावरच नवे पाणी ओतते. टँकरच्या पाण्याला पैसे मोजलेले असतील तर विचारच नको. मग अळ्या सापडल्या म्हणून नोटीस तिला मिळते, नळ न देणाऱ्याला नाही. मुंबईत १८८८च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३८१ खाली डासांच्या उत्पत्तीबद्दल घरमालकांना नोटिसा निघत आल्या आहेत. पाणी वेळेवर न दिल्याबद्दल महापालिकेला नोटीस काढण्याचे कलम मात्र कोणी लिहिले नाही.

गोरेगावात हंडामोर्चे काढून 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणाल गोरे यांचे देहावसान १७ जुलै २०१२ रोजी वसईतच झाले. त्यांच्या मोर्चांना कोणी कीटकनियंत्रण म्हटले नाही. वास्तविक नळाला रोज ठराविक वेळी येणारे पाणी हे एडिसविरुद्धचे सर्वांत मोठे हत्यार आहे, कारण ते पिंपाची गरजच संपविते. मात्र हे पाणी आणताना एक भान हवे. वसई-विरारला येणारे सूर्या प्रकल्पाचे पाणी मूलतः डहाणू-पालघरकडील शेतीच्या सिंचनासाठी अडविलेले आहे. पिंप हटविण्यासाठी आदिवासी शेतकऱ्याचा कालवा आटविणे हा समाजवाद नव्हे. गळती, टँकरचा व्यापार आणि बिल्डरांच्या संकुलांना मिळणारे झुकते माप यांचा हिशेब आधी व्हावा.

पश्चिमेकडील वाड्यांची कथा निराळी. वसईच्या गावांत विहिरी आणि 'बावखल' म्हणून ओळखली जाणारी गोड्या पाण्याची तळी आहेत. जिवंत बावखलात मासे, बेडूक आणि चतुराच्या अळ्या असतात. त्यांच्या तावडीतून डासाची अळी क्वचितच सुटते. बावखलात कचरा आणि सांडपाणी पडू लागले की मासे मरतात, क्युलेक्स माजतो, आणि मग डासांचे कारण सांगून तीच जागा भराव घालून बुजविण्याची मागणी होते. त्या भरावावर पुढे काय उभे राहते हे वसईकरांना सांगायला नको. हरित वसईच्या चळवळीने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाणी उपसणाऱ्या टँकरांविरुद्ध जे आंदोलन केले ते या अर्थाने आरोग्याचेही आंदोलन होते. जुलै २०१८च्या पुरात वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या, तेव्हा बुजविलेल्या नाल्यांची आणि मिठागरांची किंमत सर्वांनी मोजली.

म्हणून महापालिकेत हा विषय आलाच तर कार्यकर्त्यांनी दोन टोकांना बळी पडू नये. विज्ञानविरोधाने जनतेचे भले होत नाही. दिल्लीचे केंद्र मोडून ते झालेले नाही. आणि कंपनीच्या पिंजऱ्यातील आकडे दाखवून केलेला करार म्हणजे विज्ञान नव्हे. सोडावयाचा वंश पुदुच्चेरी किंवा पुण्याच्या सार्वजनिक संस्थेचा असावा. त्याच्या नरांची कुवत वसईच्याच मोकळ्या हवेत मोजलेली असावी आणि ते आकडे मराठीत प्रभागसभेत वाचले जावेत. वस्तीची संमती जाहीर सभेत घ्यावी, सोसायटीच्या चिटणिसाच्या सहीवर भागवू नये. आणि त्याआधी प्रभागवार अळ्यांची नोंदवही व पाणीपुरवठ्याच्या वेळांची नोंदवही या दोन्ही एकाच टेबलावर मांडण्याची मागणी करावी. एकीत डास कोठे आहेत ते लिहिलेले असेल, दुसरीत ते का आहेत ते. नालासोपारा पूर्वेच्या एका प्रभागापासून ही मागणी या पावसाळ्यापूर्वीच लेखी करता येईल. तिला उत्तर देण्यास कोणत्याही कंपनीच्या परवानगीची गरज नाही.